मेथडिस्ट मिशन जगभर पोचलं ते कुणाच्या पायांनी?

प्रश्न असा आहे: मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांचं काम जगभर कसं पसरलं, आणि आज त्याकडे पाहायचं कसं? शाळा-दवाखाने उभारणारी सेवा म्हणून, की साम्राज्याच्या मागोमाग आलेली धर्मांतराची मोहीम म्हणून?

मी चर्चचा इतिहास शिकवतो, आणि मिशनचे जुने अहवाल, पत्रव्यवहार वाचण्यात आयुष्याचा बराच काळ गेला आहे. त्या कागदांत दोन्ही बाजूंना हवे तेवढे पुरावे सापडतात, म्हणून तर वाद मिटत नाही. माझी अडचण वेगळीच आहे. दोन्ही बाजू एक गोष्ट धरून चालतात, की लंडनहून किंवा न्यूयॉर्कहून एक गोरा पाळक निघाला, बोटीतून उतरला आणि तिथून सगळं सुरू झालं. मेथडिस्टांच्या बाबतीत हे बऱ्याच ठिकाणी खरं नाही. पाठवलेला मिशनरी पोचला तेव्हा तिथे मंडळी (एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समूह) आधीच जमत होती. ती जमवणाऱ्यांत गुलाम होते, गुलामीतून सुटलेले होते, एक जहाजबांधणीचा कारागीर होता, बायका होत्या, शेजारच्या बेटावरचे लोक होते. मिशनरी पाठवणारी संस्था, म्हणजे मिशन सोसायटी, मागून आली. तिने नाव दिलं, पैसा दिला आणि अधिकार मात्र स्वतःकडे ठेवला. पुढची निम्मी भांडणं त्यातूनच निघाली.

मुळात संस्थापकाचं मिशनच फसलं होतं. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, इंग्लंडच्या अधिकृत (अँग्लिकन) चर्चचा पाळक जॉन वेस्ली (१७०३-१७९१) ऑक्टोबर १७३५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीकडे निघाला, तो तिथल्या मूळ रहिवाशांना सुवार्ता सांगायच्या इराद्याने. ते काम जवळपास झालंच नाही. सव्हानाच्या गोऱ्या वस्तीत त्याच्या कडक शिस्तीवरून खटके उडाले. ज्या तरुणीत त्याचा जीव गुंतला होता तिने दुसऱ्याशी लग्न केलं, त्यानंतर याने तिला प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि १७३७ च्या डिसेंबरात तो जवळजवळ पळूनच निघाला. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत त्याला तो प्रसिद्ध आध्यात्मिक अनुभव आला. पुढच्या वर्षी ब्रिस्टलजवळच्या खाणकामगारांपुढे तो उघड्यावर उपदेश करू लागला. हे बहुतेकांना ठाऊक असतं. मिशनच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र १७४२ ची आहे, आणि ती आहे कर्जफेडीची.

ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होतं. ते फेडायचं कसं यावर बैठक बसली, तेव्हा फॉय नावाच्या कॅप्टनने सुचवलं की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही परवडायचं नाही. त्यावर तो म्हणाला, मग सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमेल तेवढं ते देतील आणि कमी पडेल ते मी भरीन. असे बारा-बारांचे गट पडले. वसुलीला घरोघर जाणाऱ्यांना कळू लागलं की कोण आजारी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे. वेस्लीने यातलं मर्म लगेच ओळखलं. त्यातून ‘क्लास मीटिंग’ उभी राहिली: दहा-बारा जणांचा गट, आठवड्याची बैठक, प्रत्येकाने आपल्या मनाची स्थिती मोकळेपणाने सांगायची, आणि दर तीन महिन्यांनी सभासदत्वाचं नवं तिकीट. वर्तन ठीक नसेल तर तिकीट नाही. गटाचा पुढारी विणकर असे, मोलकरीण असे, खाणीतला मजूर असे.

या व्यवस्थेला इमारत लागत नव्हती आणि दीक्षा घेतलेला पाळकही रोज लागत नव्हता. मेथडिस्ट पंथ इतका का पसरला याचं माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण हे. सिद्धांत नंतर. जो कोणी आपल्या गावातून उठून दुसरीकडे गेला, मग तो सैनिक असो, खलाशी असो की विकला गेलेला गुलाम, तो ही पद्धत डोक्यात घेऊन गेला आणि पोचल्यावर दहा माणसं गोळा करू शकला.

कॅरिबियनमधलं अँटिग्वा बेट घ्या. नॅथॅनियल गिल्बर्ट हा तिथला ऊसमळेवाला आणि विधानसभेचा सभापती. १७५८ मध्ये तो इंग्लंडमध्ये असताना वेस्लीच्या संपर्कात आला, त्याच्या दोन गुलामांना वेस्लीने बाप्तिस्मा दिला, आणि परत गेल्यावर गिल्बर्ट आपल्याच घरात गुलामांना उपदेश करू लागला. त्याच्या बरोबरीच्या मळेवाल्यांना हे वेडेपण वाटलं. (गुलाम ठेवायचे आणि त्यांनाच मुक्तीचा उपदेश करायचा, ही विसंगती त्याला किती बोचत होती ते कागदांवरून सांगता येत नाही.) १७७४ मध्ये गिल्बर्ट वारला. त्यानंतर ही मंडळी टिकवली ती मेरी ॲली आणि सोफिया कॅम्बेल या दोन बायकांनी. प्रार्थनासभा भरवणं, आजाऱ्यांकडे जाणं, लोकांना धरून ठेवणं, सगळं त्यांनीच केलं. १७७८ मध्ये जॉन बॅक्स्टर हा जहाजबांधणीचा कारागीर इंग्लंडहून गोदीत नोकरीला आला आणि दिवसा गोदीत, रात्री मळ्यांवर असं करत त्याने ती वाढवली.

आता डॉ. थॉमस कोक. हा, ज्याला मेथडिस्ट मिशनचा जनक म्हणतात तो. १७८६ मध्ये तो काही प्रचारकांना घेऊन नोव्हा स्कोशियाला, म्हणजे आजच्या कॅनडाला निघाला होता. वादळाने जहाज भरकटलं आणि नाताळच्या दिवशी सकाळी अँटिग्वाला लागलं. सेंट जॉन्सच्या रस्त्यावर त्याला पहिला माणूस भेटला तो उपासनेला निघालेला बॅक्स्टर. कोकने त्या दिवशी खच्चून भरलेल्या, बहुतांश कृष्णवर्णीय मंडळीपुढे उपदेश केला आणि आणलेले प्रचारक कॅरिबियनमध्येच ठेवले. अहवालांत वेस्ट इंडीज मिशनची सुरुवात इथून धरतात. पण त्याआधी तिथे २५ वर्षांचं काम झालेलं होतं.

वेस्लीला स्वतःला परदेशी मिशनची फारशी घाई नव्हती. १७७८ च्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे प्रचारकांच्या वार्षिक सभेत, आफ्रिकेला मिशनरी पाठवायचा विषय निघाला आणि बाजूला पडला. कोकला मात्र चैन नव्हतं. देणग्यांसाठी तो लोकांच्या दारोदार फिरायचा. ३० डिसेंबर १८१३ ला साठी ओलांडलेला हा माणूस तरुण मिशनऱ्यांना घेऊन सिलोनकडे (आजच्या श्रीलंकेकडे) निघाला आणि ३ मे १८१४ रोजी हिंदी महासागरात आपल्या केबिनमध्ये मृतावस्थेत सापडला. बरोबरचे लोक आधी मुंबईला उतरले आणि जूनअखेर त्यांतले बहुतेक सिलोनमधल्या गॉलला पोचले. लीड्समध्ये १८१३ साली पहिली मिशन सोसायटी निघाली होती, तीही कोक जाणार आणि पैसा लागणार म्हणून. देशव्यापी वेस्लियन मिशनरी सोसायटी १८१८ ची.

पश्चिम आफ्रिकेतही तेच. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूला आलेले कृष्णवर्णीय लोक नोव्हा स्कोशियात नेऊन ठेवले होते. तिथे जमिनीची आश्वासनं पाळली गेली नाहीत, तेव्हा १७९२ मध्ये सुमारे १,२०० जण सिएरा लिओनला गेले. त्यांच्यात मोझेस विल्किन्सन होता, व्हर्जिनियातून पळालेला, डोळ्यांनी अंध असलेला मेथडिस्ट उपदेशक. फ्रीटाउनची मंडळी त्याची आणि त्याच्यासारख्यांची. इंग्लंडहून जॉर्ज वॉरन हा पहिला मिशनरी पोचला १८११ मध्ये, आणि वर्षभरात तापाने गेला. गोल्ड कोस्टवर, आजच्या घानात, केप कोस्टच्या शाळेत शिकलेल्या तरुणांनी १८३१ मध्ये बायबल वाचनाचा गट सुरू केला होता. जोसेफ डनवेल १८३५ च्या १ जानेवारीला उतरला आणि जूनमध्ये मेला. त्यानंतर टिकला तो थॉमस बर्च फ्रीमन. आफ्रिकन बाप, इंग्रज आई, पेशाने माळी. १८३८ मध्ये आला, आल्या आल्या बायको गेली, तरी तो १८९० पर्यंत जगला. कुमासीच्या असांते राजाकडे गेला, पुढे नायजेरियातल्या बदाग्री आणि अबेओकुटापर्यंत पोचला. हिशेबात कच्चा म्हणून सोसायटीने त्याला कितीतरी बोल लावले. शाळा-मंडळ्या तो उघडत सुटायचा आणि पैसे कुठून आणायचे ते नंतर बघायचा.

पॅसिफिकमध्ये ही साखळी फार स्पष्ट दिसते. टोंगात जॉन थॉमस हा पूर्वाश्रमीचा लोहार १८२६ मध्ये आला, पण त्याच सुमारास ताहितीहून आलेल्या दोन शिक्षकांनी नुकुआलोफात लोक जमवायला सुरुवात केली होती. पुढे ताउफाआहाऊ या सरदाराने १८३१ मध्ये बाप्तिस्मा घेतला, जॉर्ज हे नाव घेतलं आणि साऱ्या टोंगाचा राजा झाला. १८३५ मध्ये क्रॉस आणि कारगिल हे मिशनरी टोंगाहून फिजीला गेले ते टोंगन सहकाऱ्यांना घेऊन. फिजीत प्रत्यक्ष खेडोपाडी राबले ते जोएली बुलूसारखे टोंगन. १८५४ मध्ये तिथला बलाढ्य सरदार थाकोम्बाऊ ख्रिस्ती झाला, आणि १८५५ च्या काबाच्या लढाईत त्याचं आसन टिकलं ते टोंगाच्या राजाच्या सैन्यामुळे. सुवार्ता आणि सत्ता इथे अशी गुंतलेली होती, आणि यात युरोपियन राजवटीचा संबंध अगदी थोडा. १८६७ मध्ये थॉमस बेकर या मिशनऱ्याला फिजीच्या डोंगराळ भागात मारलं. २००३ मध्ये त्या गावाने त्याच्या वंशजांची रीतसर माफी मागितली, जगभर बातम्या झाल्या. त्याच्याबरोबर फिजीयन सहकारीही मारले गेले होते. त्यांची नावं किती बातम्यांत आली ते शोधून पाहा.

गुलामगिरीच्या बाबतीत मेथडिस्टांची पाटी कोरी नाही, आणि ती एकरंगीही नाही. वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध जळजळीत पुस्तिका लिहिली. फेब्रुवारी १७९१ मध्ये, मरणाच्या काही दिवस आधी, संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्सला पत्र लिहिलं. पण कॅरिबियनला जाणाऱ्या मिशनऱ्यांना लंडनच्या कमिटीची सूचना होती की तिथल्या नागरी व्यवस्थेत पडू नका, गुलामांना आज्ञापालन शिकवा. कमिटी अशी सावध, तरी मळेवाल्यांना संशय होताच. काळ्यांना वाचायला शिकवणारा, त्यांच्यातूनच पुढारी नेमणारा माणूस त्यांना धोकादायक वाटायचा, आणि त्यात ते चुकत नव्हते. ऑक्टोबर १८२३ मध्ये बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमध्ये गोऱ्या जमावाने मेथडिस्ट चॅपल (प्रार्थनागृह) पाडून टाकलं. मिशनरी श्रुजबरी बेट सोडून गेला. मागे राहिली सारा ॲन गिल, एक स्वतंत्र पण ‘कलर्ड’ (मिश्रवंशीय) गणली जाणारी बाई. तिने उपासना आपल्या घरात भरवल्या, खटले आणि धमक्या अंगावर घेतल्या, आणि पुढे नवं चॅपल उभं राहिलं. आज ती बार्बाडोसच्या राष्ट्रीय वीरांमध्ये गणली जाते.

अमेरिकेत चित्र आणखी काळं आहे. १७८४ मध्ये चर्चने गुलाम ठेवणाऱ्यांविरुद्ध कडक नियम केला आणि वर्षाच्या आत तो गुंडाळला. १८४४ मध्ये बिशप अँड्र्यू यांच्या मालकीच्या गुलामांवरून चर्च उत्तर-दक्षिण फुटलं. ओहायोच्या वायंडॉट या मूळ रहिवाशांत १८१६ मध्ये काम सुरू केलं जॉन स्टुअर्ट या आफ्रिकन-अमेरिकन माणसाने, कोणीही न पाठवता. १८१९ मध्ये मेथडिस्ट मिशनरी सोसायटी निघाली त्यामागे ही प्रेरणा होती. १८४३ मध्ये सरकारने वायंडॉटांना पश्चिमेकडे हाकललं. जाताना त्यांनी चर्च आणि कबरस्तान मेथडिस्टांच्या हवाली केलं. ती जमीन चर्चने २०१९ मध्ये त्यांना परत दिली. याच चर्चचा एक पाळक, कर्नल जॉन शिव्हिंग्टन, १८६४ च्या सँड क्रीक हत्याकांडात सैन्याच्या आघाडीला होता. शायान आणि अरापाहो या मूळ जमातींच्या बायका-मुलांची ती कत्तल होती. कॅनडात मूळ रहिवाशांच्या निवासी शाळांचा पाया घालणाऱ्या विचारांशी एगर्टन रायर्सन या मेथडिस्ट पाळकाच्या १८४७ च्या अहवालाचं नाव जोडलेलं आहे. त्याच्या नावाच्या विद्यापीठाने २०२२ मध्ये नाव बदललं. ‘चांगलं काम करताना थोड्या चुका झाल्या’ अशा शब्दांत हे बसवता येत नाही. मुलांना घरापासून तोडणं हीच तिथे योजना होती.

बायकांचं काम मला सर्वांत भक्कम वाटतं. मार्च १८६९ मध्ये, पावसापाण्याच्या दिवशी, बॉस्टनच्या एका चर्चमध्ये मोजक्या बायका जमल्या आणि त्यांनी स्वतःची परदेशी मिशन सोसायटी काढली. पुरुषांच्या मिशन बोर्डाला भीती होती की आपल्या देणग्या तुटतील. बायकांनी आठवड्याला दोन सेंटची वर्गणी ठेवली, हिशेब स्वतःच्या हातात ठेवला आणि वर्षअखेरीच्या आत दोघींना भारताकडे रवाना केलं. डॉ. क्लारा स्वेन आणि इझाबेला थॉबर्न जानेवारी १८७० मध्ये मुंबईला उतरल्या. एप्रिलमध्ये लखनौच्या अमीनाबाद बाजारातल्या एका खोलीत थॉबर्नने पाच-सात मुलींची शाळा उघडली. दारात एक दांडगा पोरगा हातात काठी घेऊन बसवलेला असे, कोणी त्रास द्यायला आलं तर म्हणून. त्या शाळेतूनच पुढे तिच्या नावाचं महिला महाविद्यालय झालं. स्वेनला बरेलीत दवाखान्यासाठी जागा हवी होती. मिशनलगतची जमीन रामपूरच्या नवाबाची होती आणि मिशनरींना तो जवळ करत नाही अशी त्याची ख्याती. ती मागायला गेली, तर त्याने विकत नाही, दानच दिली. १८७४ मध्ये तिथे बायकांचं रुग्णालय उघडलं, आशियातलं असं पहिलं. कोरियात, सोलमध्ये, मेरी स्क्रँटनने १८८६ मध्ये एका विद्यार्थिनीवर सुरू केलेली शाळा म्हणजे आजचं इवा महिला विद्यापीठ. १९१९ च्या जपानविरोधी चळवळीत पकडली गेलेली आणि तुरुंगात मेलेली यू ग्वान-सून याच शाळेची.

पैशाच्या प्रश्नावर सगळ्यात धाडसी प्रयोग विल्यम टेलर या अमेरिकन मेथडिस्ट प्रचारकाने केला. त्याचं म्हणणं, मिशन बोर्डाचा पैसाच घ्यायचा नाही, स्थानिक मंडळीने आपल्या पाळकाला पोसावं. १८७१-७२ मध्ये मुंबई-पुण्याच्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत हे जमलं. पुण्यातल्या अशाच सभांतून सर्व्हे खात्यातला बंगळुरात जन्मलेला तरुण, विल्यम ओल्डम, या पंथात आला. तोच १८८५ मध्ये सिंगापूरला गेला आणि पुढच्या वर्षी १३ मुलांवर अँग्लो-चायनीज स्कूल काढलं. पण हीच कल्पना टेलर बिशप झाल्यावर अंगोला, काँगोत घेऊन गेला तेव्हा लोक पैशाविना, औषधाविना मेले. स्वावलंबन कोणाचं, हा प्रश्न त्याने नीट विचारला नाही असं मला वाटतं. स्थानिक मंडळीने स्वतःचा पाळक पोसणं वेगळं आणि परक्या माणसाला उपाशी पाठवणं वेगळं.

अधिकाराचं भांडण सर्वत्र झालं. टोंगात राजाने १८८५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉन्फरन्सशी नातं तोडून स्वतंत्र चर्च काढलं, कारण टोंगाचा पैसा सिडनीला जात होता. त्यात जे जुन्या चर्चशी निष्ठावान राहिले त्यांना मारहाण आणि हद्दपारी सोसावी लागली. फिलिपिन्समध्ये निकोलस सामोरा हा दीक्षा मिळालेला पहिला फिलिपिनो मेथडिस्ट पाळक, १९०९ मध्ये अमेरिकनांपासून वेगळा झाला. विसाव्या शतकात हे शिस्तशीरपणे घडलं: ब्रिटिश परंपरेचे दक्षिण भारतीय मेथडिस्ट १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया या अनेक पंथांच्या संयुक्त चर्चमध्ये गेले, घाना १९६१ मध्ये आणि नायजेरिया १९६२ मध्ये स्वायत्त झाले. भारतात अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट १९७० च्या उत्तर भारतातल्या चर्चांच्या विलीनीकरणातून ऐनवेळी मागे फिरले आणि १९८१ पासून स्वतंत्र चर्च म्हणून उभे आहेत. अमेरिकेच्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने मात्र आफ्रिका आणि फिलिपिन्समधल्या मंडळ्या आपल्याच छत्राखाली ठेवल्या. परिणाम असा, की समलैंगिकतेच्या प्रश्नावर २०१९ मध्ये मतदान झालं तेव्हा जुनी बंदी कायम ठेवण्यात आफ्रिकेची मतं निर्णायक ठरली, अमेरिकेतल्या हजारो मंडळ्या पुढच्या काही वर्षांत बाहेर पडल्या आणि २०२४ मध्ये धोरण उलटल्यावर आयव्हरी कोस्टचं चर्च वेगळं झालं.

वारशाबद्दल विचाराल तर तो एका बाजूला झुकत नाही. नेल्सन मंडेला क्लार्कबरी आणि हील्डटाउन या मेथडिस्ट शाळांत शिकले. फिजीत १९८७ चा लष्करी उठाव करणारा सितिवेनी राबुकाही मेथडिस्ट उपदेशक होता, आणि तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांविरुद्धच्या राजकारणाला चर्चमधल्या मोठ्या गटाचा पाठिंबा होता. दोघंही त्याच वारशाचे.

तुम्हाला स्वतः खोलात जायचं असेल तर ब्रिटिश मेथडिस्ट मिशनची कागदपत्रं लंडनच्या सोआस या विद्यापीठात आहेत आणि अमेरिकन चर्चची न्यूजर्सीतल्या ड्रू विद्यापीठात. छापील वार्षिक अहवालांपासून सुरुवात करू नका. ते देणगीदारांसाठी लिहिलेले असतात, त्यांत आकडे चढते आणि मरणं उदात्त असतात. आधी हिशेबाच्या वह्या आणि स्थानिक बैठकांची इतिवृत्तं काढा. अहवालात ‘आमचा एक नेटिव्ह सहायक’ एवढंच लिहिलेल्या माणसाचं नाव पगाराच्या यादीत असतं, पगाराचा आकडा असतो, आणि बरेचदा पगारवाढ मागणारा त्याचा अर्जही. गोऱ्या मिशनऱ्याचा भत्ता त्याच वहीत दोन ओळी वर सापडतो.